उज्ज्वलाचं हार्ट

दारव्ह्यात कुणाचं इंग्रजीवाचून अडलं, की लोक अनंतरावांकडे येत. "इंग्रजीले भ्यायचं नसते! एकेक शब्द फोडायचा, अर्थ आपोआप बाहेर येते!" असं ते छाती फुगवून सांगत.

त्या दिवशी तांड्यावरचा धनसिंग धापा टाकत आला. त्याची उज्ज्वला यवतमाळला राहून पोलीस भरतीची तयारी करत होती.

"साहेब, पोरीनं स्टेटसले काय टाकलं पाहा बरं. फोन बंद येऊन राह्यला तिचा."

"आय हॅव लॉस्ट हार्ट," अनंतरावांनी वाचलं आणि फोडायला घेतलं. "लॉस्ट म्हणजे गेलं. हार्ट म्हणजे हृदय. धनसिंग, हार्ट गेलं रे!"

धनसिंगच्या डोळ्यांना धार लागली! ताबडतोब जीप ठरली. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला अनंतराव निघाले आणि धीर द्यायला त्यांच्या पत्नी शुभदाताई. अर्ध्या वाटेत शुभदाताईंना वेगळीच शंका आली.

"अहो, हार्ट गेल्यावर स्टेटस कोण टाकते? पोरगी प्रेमात पडली असन!"

"तसंही होते," अनंतरावांनी अर्थ बदलला. "हृदय गेलं, म्हणजे कोणाले तरी देल्लं!"

धनसिंगचे डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले. "कोणाले देल्लं?"

यवतमाळला तिच्या सरावाच्या मैदानावर उज्ज्वला तोंड पाडून बसली होती आणि धावण्याचा सराव घेणारा कपिल तिची समजूत घालत होता. धनसिंगला एवढं पुरलं! "हाच तो!" म्हणत त्यानं चप्पल काढली. कपिल पळाला. मागं धनसिंग, त्याच्या मागं उज्ज्वला!

"बा, थांब! सर आहेत ते!"

बा थांबेना. तेव्हा मधे उभं राहायला म्हणून ती अशी सुटली, की बापाला मागं टाकून थेट कपिलच्या पुढं!

"हेच म्हणत होतो मी!" कपिल पळता पळताच ओरडला. "जमते तुले!"

शेवटी तिघंही मातीत बसून धापा टाकू लागले.

"कालच्या सरावात मी सगळ्यात मागं राह्यली, बा," उज्ज्वला म्हणाली. "हिंमत सुटली म्हणून तसं लिहिलं. फोनची तं बॅटरी संपली होती."

"मग आता घरी येतं का?"

"आता कायले? पळते की!"

धनसिंगनं ओशाळून चप्पल पायात घातली. "साहेब, या सरची माफी मांगाची हाय. तुमीच मांगा माह्यातर्फे, चांगली इंग्रजीत!"

साहेब केव्हाच जीपमध्ये जाऊन बसले होते आणि ड्रायव्हरला अस्सल वऱ्हाडीत विचारत होते, "निघतं का रे लवकर?"