आधी आवाजाचं नाव सांगा!

“आवाजाला आपल्या भाषेत जेवढे शब्द आहेत, तेवढे जगात कुठे नाहीत! म्हणून तर आपले कान इतके तयार!” निवृत्त झाल्यापासून मास्तर हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मास्तरीणबाईंना आता त्या वाक्याचा वीट आला होता.

आज नेमकी लेकीची मुलाखत! तिचा एकुलता एक धड पांढरा शर्ट वॉशिंग मशीनमध्ये आणि मशीन अडून बसलेलं. दार काही केल्या उघडेना, बटण दाबावं तर आत नुसता खडखडाट!

दुरुस्तीवाला आला तो परभाषी. त्यानं पाना काढला. मास्तर आडवे आले.

“थांबा! खडखड म्हणजे पट्टा, खुळखुळ म्हणजे पंप. आधी आवाजाचं नाव सांगा, मगच पाना लावा!”

“आमच्या भाषेत याला टोंक-टोंक म्हणतात, साहेब.”

“खुळखुळ!” मास्तर ठणकावून म्हणाले.

“अहो, खडखडतंय ते!” मास्तरीणबाई ओरडल्या. नेहमीप्रमाणे मास्तरांनी बायकोचं ऐकलं नाही.

दुरुस्तीवाल्यानं पुन्हा बटण दाबलं. आणि काय सांगायचं! ते मेलं मशीन आता चक्क टोंक-टोंक करायला लागलं! मास्तरीणबाईंनी कान चोळले, मान झटकली. तरी टोंक-टोंकच! इतकी वर्षं खडखडाट ऐकलेले कान, एका परक्या शब्दानं फितूर झाले होते.

“आई, मला आता तिन्ही आवाज ऐकू येतायत!” लेक रडकुंडीला आली. “बाबा, सोडा ना त्यांना! माझी मुलाखत बुडेल!”

“खुळखुळ!” मास्तर म्हणाले.

आता मात्र हद्द झाली! मास्तरीणबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. “लावा हो तुम्ही पाना! यांच्याकडे बघू नका.”

दार उघडलं. लेक ओला शर्ट घेऊन इस्त्रीकडे पळाली. दुरुस्तीवाल्यानं ड्रममध्ये हात घालून एक इवलीशी वस्तू काढली आणि मास्तरीणबाईंच्या तळहातावर ठेवली. मास्तरांचं ऐकायचं यंत्र! काल सदऱ्याच्या खिशात राहून गेलेलं!

मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्या किंचाळल्या, “अहो, मग सकाळपासून आवाज ऐकलात कशानं?”

“ऐकायला कशाला हवं?” मास्तर म्हणाले. “शब्द पाठ आहेत मला!”