वजन हाये बाप्पा

ढोबळे काकांच्या टूथब्रशला दांडी नाही. पुढचा ब्रश आणि त्यामागे बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक, बस्स. उरलेलं त्यांनी करवतीनं कापून टाकलंय. कारण विचारलं तर म्हणतात, "वजन हाये बाप्पा."

निवृत्तीनंतर पाठीवर सॅक टाकून एकट्यानं हिमालयात हिंडायचं, हा काकांचा उद्योग. मोबाईलची रेंज आणि डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून त्यांची सहल सुरू होते. जे सॅकमध्ये मावत नाही ते घरातही ठेवायचं नाही, हा नियम. त्यामुळे त्यांच्याकडे सोफा नाही, टीव्ही नाही. पाहुण्यांनी गुंडाळलेल्या स्लीपिंग बॅगवर बसायचं. कॅमेरा का नेत नाही? वजन. सोबत कुणाला का घेत नाही? "माणूस सगळ्यात जड असते. अन् वरून बोलते." माझ्या बायकोनं, मंजिरीनं, एकदा धीर करून लग्न का नाही केलं असं विचारलं होतं. काकांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. उत्तर तिचं तिनंच दिलं.

काका मूळचे अचलपूरचे. सरकारी बदलीवर चंदीगडला आले आणि बसमध्ये बसलं की डोंगर लागतो म्हणून तिथेच राहिले. मीही असाच बदलीवर आलेला. दिवसभर सेक्टर १७ मधल्या ऑफिसात फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचं घर गाठायचं, हे माझं तेव्हाचं गिर्यारोहण. वाटेत दोनदा कठडा धरून मी निसर्ग बघायचो. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका मात्र सॅकमध्ये आट्याची पिशवी भरून हाच जिना सराव म्हणून सकाळभर चढायचे-उतरायचे. हा सगळा आटा आमच्याकडेच येतो, अशी समोरच्या कौर आंटींची समजूत होती. माझ्या पोटाकडे बघून त्या सहानुभूतीनं मान हलवायच्या.

परतले की काका आमच्याकडे जेवायला येत आणि जनावरांच्या बातम्या देत. एकदा वरच्या कुरणात जंगली मेंढ्यांचा कळप त्यांच्या सॅकचे पट्टे चाटत बसला होता, घामाच्या मिठासाठी. पण सगळ्यात गाजलं ते अस्वल. पांगीच्या वाटेवर एका वळणाला दोघं समोरासमोर आले.

"मग?" मंजिरीची पोळी तव्यावर करपली.

"मी हळूच खाली बसलो. म्हटलं, तू तुया वाटेनं जाय, मी माया वाटेनं. त्यानं नाक फुरफुरवलं अन् बाजूला झालं. मग मी त्याले 'येतो' म्हटलं अन् निघालो."

"अस्वलाला 'येतो'? पुन्हा भेटायचंय का त्याला?"

"मंग 'जातो' म्हणू काय, वहिनी? अभद्र नाही वाटत?"

"अस्वल काय म्हणालं?" मी विचारलं.

"काही नाही. हिमाचलचं होतं ते. त्याले काय समजते."

या बाबतीत काका थट्टा करत नसत. निघायच्या दिवशी पहाटे सगळी सॅक पाठीवर बांधून ते आमच्या दारात उभे राहायचे. मंजिरी त्यांच्या तळहातावर दही घालायची. ते खाऊन काका म्हणायचे, "येतो." ती म्हणायची, "या." मग वळायचे. मागे बघायचे नाहीत.

एकदा पहाटे आम्ही दोघं सुखना तलावावर फिरायला गेलो होतो आणि काकांना दार आमच्या मुलीनं, ऋचानं उघडलं. ती चंदीगडातच वाढलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. आम्ही परतलो तर काका जिन्यात सॅक शेजारी ठेवून बसलेले.

"बस चुकली?"

"निघालोच नाही. पोरगी म्हणाली, 'हाँ अंकल, जाइए ना.'"

"तो जाना ही तो था उनको, यार मम्मा," ऋचा आतून म्हणाली.

"'या' म्हणायचं असतं," मंजिरी म्हणाली.

"क्यों?"

"म्हणजे... माणूस परत येतो."

काका दुसऱ्या दिवशी रीतसर दही खाऊन गेले.

मग माझी बदली झाली, भोपाळला. ऋचाला मोहालीत नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत प्रवेश मिळाला होता, ती तिथेच हॉस्टेलवर राहणार होती. बातमी ऐकून काका म्हणाले, "यंदा डोंगर नाही. गुडघा बोलून राह्यला." सामान हलवायच्या दिवशी त्याच गुडघ्यावर त्यांनी आमची लोखंडी पेटी एकट्यानं तीन मजले उतरवली. एकदाही वजनाचं नाव काढलं नाही. निघताना वाटीतलं दही त्यांनी आमच्या तिघांच्या हातावर घातलं. मी "येतो" म्हणालो. काका "या" म्हणाले आणि टॅक्सीच्या टपावरची दोरी उगाचच पुन्हा आवळत राहिले.

भोपाळहून मी फोन करायचो. गुडघा कसा आहे, विचारायचो. "बोलते," म्हणायचे. सराव बंद होता. कौर आंटींनी मंजिरीला कळवलं, आता जिना फार शांत असतो जी.

परवा सकाळी ऋचाचा फोन आला.

"बाबा, काका आए थे. हॉस्टेल के गेट पे. इतनी बड़ी सॅक लेके."

डोंगराची बस शहराच्या एका टोकाला, हिचं हॉस्टेल दुसऱ्या. पाठीवर सगळा संसार बांधून काका रिक्षानं उलट्या दिशेला गेले होते.

"गार्डनं विचारलं, किससे मिलना है जी. तर म्हणाले, मिलना नहीं है, निकलना है."

"मग?"

"मैं भागी कँटीन में. दह्याचा कप आणला. हातावर घातलं. फिर उन्होंने बोला, येतो."

"आणि तू?"

"म्हटलं, या काका. वाट बघते."

मंजिरीनं माझ्या हातून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"और बाबा, वो खाली कप मैं फेंकने लगी, तो माझ्या हातातून घेतला. पुसून सॅकमध्ये ठेवला. मैंने पूछा, इसका क्या करोगे? म्हणाले, असू दे. याले काही वजन नाही."