गटांगळ्यांचा चिकित्सक अभ्यास

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती. नदी होती म्हणून काठावर पोहण्याची शाळा होती. तिथे पाणमांजरबाई शिकवायच्या. हरणाचं पाडस असो की अस्वलाचं पिल्लू, बाई त्याला पाठीवर घेऊन डोहात उतरायच्या आणि पोहतं करूनच बाहेर आणायच्या.

एके दिवशी प्राचार्य साळिंदरांनी त्यांना बोलावलं.

"बाई, तुमचे शोधनिबंध किती?"

"एकही नाही, सर. पण आजवर आपल्या शाळेतलं एकही पिल्लू बुडालं नाही."

"ते ठीक आहे हो. पण ते छापून कुठे आलंय?" साळिंदर म्हणाले. "सरडेसरांकडे बघा. एकच निबंध, दर वेळी नवा रंग देऊन छापतात. यंदा तुमचा निबंध आला नाही, तर बढती सोडाच, नोकरीही जाईल."

बाई घाबरल्या. घरी खाणारी तोंडं होती. त्यांनी 'पोहायला कसे शिकवावे' असा निबंध लिहून पाठवला. तो साभार परत आला. वर शेरा होता, 'विषय फारच उपयोगी आहे. संशोधनमूल्य नाही.'

मग बाई पिल्लांना पाण्यात सोडून काठावर लिहीत बसू लागल्या.

"बाई, पाय टेकत नाहीत!" अस्वलाचा गबदू ओरडला.

"थांब रे राजा, संदर्भसूची लावतेय."

थोड्या वेळाने पाणी शांत झालं. बाईंनी लेखणी टाकली. त्यांनी बुडी मारली, गबदूला वर ओढलं, पोट दाबून पाणी काढलं. गबदू खोकला आणि रडू लागला. त्याला छातीशी धरून बाईही रडल्या.

सरडेसर धावत आले. "अहो, रडता काय? गटांगळ्या किती खाल्ल्या ते आधी लिहून घ्या!"

बाईंनी डोळे पुसले आणि लिहून घेतलं.

'डोहातील गटांगळ्या : एक चिकित्सक अभ्यास' हा निबंध भलताच गाजला. शेजारच्या जंगलांतले विद्वान त्याचे दाखले देऊ लागले. बाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि विभागप्रमुखाची खुर्चीही मिळाली.

काही दिवसांनी गबदूची आई आली. "बाई, पोराला पाण्याची धास्तीच बसलीय. तुम्हीच शिकवा ना पुन्हा, पूर्वीसारखं."

बाईंना क्षणभर वाटलं, उठावं आणि त्याला पाठीवर घ्यावं. पण दुसरा निबंध अर्ध्यावर आला होता.

"शिकवायला आता सवड कुठली, ताई?" त्या म्हणाल्या. "पण पाठवा त्याला. धाकटा असेल तर त्यालाही पाठवा. एका पिल्लावरून निष्कर्ष काढता येत नाही."

तात्पर्य : बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि बढतीला बुडत्याचा.