येताना काय काय आणावे

एका जंगलात एक दवाखाना होता. ए, हसू नका रे. खरंच होता. त्याला भिंती होत्या, छप्पर होतं, दाराला कुलूपसुद्धा होतं.

हे जंगल पार आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी. तिथं पाऊस भरपूर, कसाव्याचे कंद भरपूर, आणि मंत्री तर विचारूच नका. जंगलाचं नाव सांगणार नाही. उगाच ओरडू नका, सांगणार नाही म्हणजे नाही.

तर या दवाखान्याच्या दारावर एक लाकडी पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘येताना आणावे’. त्याखाली यादी. साबण संपला की यादीत साबण वाढायचा. चटई फाटली की चटई वाढायची. एक सुतारपक्षी नोकरीला होता, तो चोचीनं ठकठक करून नवी ओळ कोरायचा. अख्ख्या दवाखान्यात दिवसभर काम असायचं ते त्याच्या एकट्याच्या चोचीला.

त्या जंगलात सोरी नावाचा साळिंदर राहायचा. साळिंदर ठाऊक आहे ना? अंगभर काटे असतात तो. त्याची बायको कुंबा. कुंबाला दिवस गेले होते.

आता जरा गप्प बसून ऐका. मागच्या पावसाळ्यात कुंबाचं पहिलं पिल्लू याच दवाखान्याच्या पायरीवर गेलं. यादीतला कंदील आणायचा राहिला होता, आणि अंधारात कुणाला काही दिसलं नाही. या खेपेला एक वस्तू विसरायची नाही, अशी सोरीनं शपथ घेतली.

महिनाभर आधीच तो दवाखान्यात गेला. खिडकीत डॉक्टर बसले होते. डॉक्टर बोकारी, चिंपांझी. माणूस भला, म्हणजे माकड भलं.

“डॉक्टरसाहेब, काय काय आणू?”

“पाटी वाचा सोरीभाऊ. पाणी, साबण, चटई, पातं, दोरा, उजेड. आणि हातमोजे जाड आणा हं. मागच्या वेळी वहिनींचे काटे अजून माझ्या तळहातात आहेत.”

“औषध?”

“औषध आलं होतं. मंत्रीणबाईंच्या दातांना लागलं.”

आरोग्यमंत्री होती मगर. तिचे दात सारखे दुखायचे. ती उपचाराला समुद्रापलीकडच्या जंगलात जायची, आणि प्रत्येक दाताला एक दौरा काढायची. मगरीला दात किती असतात, घरी जाऊन मोजा. म्हणजे नको, मोजू नका!

“मग डॉक्टरसाहेब, दवाखान्यात आहे तरी काय?”

डॉक्टरांनी मागे वळून नीट पाहिलं. “मी आहे,” ते म्हणाले. “आणि पाटी आहे.”

सोरी कामाला लागला. केळीच्या पानांचे तिहेरी हातमोजे शिवले. शिंपल्याचं पातं घासून घासून धार लावली. काजव्यांना गाठून त्यांच्या हातापाया पडला. काजवे आधी फार भाव खात होते, पण शेवटी तीस जण तयार झाले.

पाण्याचं काम शेजारच्या पाणघोडीनं घेतलं. तिला सगळे यानोमामी म्हणायचे. मामीची जीभ सकाळी सुटली की संध्याकाळीच थांबायची. जायच्या दिवशी तिनं दुध्या भोपळ्याचं पोकळ भांडं काठोकाठ भरलं आणि त्याची दोरी दातांत धरली. त्यामुळे वाटेत तिला एक शब्द बोलता येईना. बिचारीचा चेहरा काळानिळा झाला होता.

आणि एके दिवशी भर दुपारी कुंबाच्या पोटात कळा सुरू झाल्या.

निघाली वरात! पुढं सोरी, पाठीवरच्या काट्यांना चटई, साबण, दोरा, पातं सगळं टोचून लावलेलं. मागं कुंबा, हाश्श हुश्श करत. तिच्या मागं मामी, मुकी. वर काजवे, डोळे चोळत. “आमची पाळी रात्रीची असते,” ते कुरकुरत होते.

दवाखान्याशी आले, तर दाराला कुलूप. पाटीवर एक कोरी करकरीत ओळ. खाली लाकडाचा भुसासुद्धा ताजा होता. ओळ होती, ‘किल्ली’.

“अहो डॉक्टर!” सोरी किंचाळला. “ही किल्ली कुठून आणू?”

खिडकीतून डॉक्टरांचं डोकं बाहेर आलं. “मंत्रीणबाई परवा तपासणीला आल्या होत्या. जाताना कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन दाताला गेल्या. मी आतच राहिलो.”

“मग खिडकीतून या की बाहेर! माकड आहात ना तुम्ही?”

“खिडकीतून जायला लेखी परवानगी लागते.”

“कुणाची?”

“मंत्रीणबाईंची.”

कुंबा पायरीजवळ खाली बसली. मुलांनो, तीच पायरी बरं का. तिनं पायरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि असा हंबरडा फोडला की झाडावरची वटवाघळं खाली पडली.

“डॉक्टर, मी सगळं आणलंय हो!” सोरी रडायला लागला. “या वेळी सगळं आणलंय!”

डॉक्टरांनी खिडकीतून त्याच्या पाठीकडे पाहिलं. चटई. साबण. दोरा. पातं. वर काजवे, मामीच्या दातांत पाणी. तीन वर्षांत एवढ्या वस्तू एका जागी त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

“गेली ती परवानगी खड्ड्यात!” असं म्हणून त्यांनी धाडकन उडी मारली.

मग काय विचारता! “मामी, पाणी!” पाणी आलं. “सोरीभाऊ, साबण!” साबण आला. डॉक्टर हात धूत होते आणि आनंदानं हसत होते. “उजेड!” ते ओरडले. काजवे म्हणाले, “अहो, ऊन पडलंय.” डॉक्टर म्हणाले, “असू दे, तरी लागा!” आणि तीसच्या तीस काजवे भर दुपारी इमानदारीत लुकलुकले.

थोड्या वेळानं एक बारीकसा आवाज आला. “च्यँ!”

पिल्लू झालं होतं. काटे अजून मऊ, नाक एवढंसं. डॉक्टर तिथंच चटईवर बसून हमसून हमसून रडायला लागले.

“अहो, रडताय काय?” कुंबा म्हणाली. “जिवंत आहे ते.”

“म्हणूनच वहिनी,” डॉक्टर म्हणाले.

यानोमामीचं तोंड आता मोकळं झालं होतं. ती जी सुरू झाली, ती अजून बोलतेय म्हणतात. बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलात पोचली.

आठ दिवसांनी मगरबाई परतल्या. एक दात नवा होता. त्यांनी पिल्लाला पाहिलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं. मगरीचंच ते, त्यांना काय कमी?

“दवाखान्याचं काय काय वापरलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, बाई,” डॉक्टर म्हणाले.

“खाट?”

“नाही.”

“दार तरी उघडलं असेल?”

“तेही नाही.”

“अगंबाई!” मगरबाई शेपटी आपटत म्हणाल्या. “म्हणजे आपला दवाखाना कुणी आत न येताच चालतो! सिंहमहाराजांना कळवा!”

महाराजांनी त्याच दिवशी दवाखान्याला ‘जंगलरत्न’ दिलं. परवानगीशिवाय खिडकीतून उडी मारल्याबद्दल डॉक्टर बोकारींना घरी बसवलं. त्यांचं घर सावरीच्या एका मोठ्या झाडावर आहे. आता त्या झाडाखाली सकाळपासून रांग असते. जो तो आपापली चटई आणि साबण घेऊन येतो, आणि बरा होऊन चटई घेऊन जातो. कुंबाचं पिल्लू तिथंच खेळतं. काटे आता चांगले कडक झालेत, रांगेत मध्ये घुसणाऱ्याला ते बरोबर टोचतं.

आणि मगरबाईंनी सुतारपक्ष्याला बोलावून पाटीवर शेवटची ओळ कोरून घेतली. ठक, ठक, ठक.

‘बाळंतपणासाठी येणाऱ्यांनी बाळ सोबत आणावे.’

तात्पर्य : दवाखान्यात जाताना लागेल ते सगळं घेऊन निघावं. फक्त आत जाऊ नये.