खड्डेसरांचा आदर्श कचरा

विज्ञानाच्या सरांना शाळेत सगळे खड्डेसर म्हणत आणि त्याला कारणही तसंच होतं. पर्यावरणाची कुठलीही योजना डोक्यात आली की सर आधी खड्डा खणत आणि मग विचार करत. पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा त्यांनी नेमका पाण्याच्या पाइपावर खणला होता. पाणी जिरलं नाहीच, पाइप फुटून शाळेचा अख्खा तळमजला मात्र भिजला.

म्हणून ते खताचा खड्डा मागायला गेले, तेव्हा मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे लक्षण बरं नव्हतं.

"सर, मागचं अंगण आता गाड्या लावायला द्यावं म्हणतेय. संस्थेचे अध्यक्ष मागे लागलेत."

"बाई, एक संधी द्या. मुलांच्या हातून तिथे बाग फुलवून दाखवतो. मुलंच काय, त्यांची घरंसुद्धा बदलतील."

"महिनाअखेरीला अध्यक्ष येतील. त्यांना पटलं तर अंगण तुमचं. नाहीतर तुमचं फावडं माझ्या कपाटात."

सरांचा त्या अंगणावर जीव होता. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा रांगेत उभी करून त्यांनी जाहीर केलं, "घरातला ओला कचरा फेकू नका, शाळेत आणा. ज्या वर्गाचा कचरा वजनाला सर्वांत जास्त भरेल, त्या वर्गाला सहल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. यात काही घोटाळा आहे असं एकाही शिक्षकाला वाटलं नाही. खुद्द सरांना तर नाहीच.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मुलं सालं आणत, देठं आणत, अंड्यांची टरफलं आणत. सर रद्दीवाल्याकडून मागून आणलेल्या तराजूवर ती तोलत आणि फळ्यावर आकडे मांडत. सातवी पुढे होती आणि सरांची लेक ज्या वर्गात होती ती सहावी तळाला होती. मग एके सकाळी सातवीचा एक मुलगा अख्खा कोबी घेऊन आला.

"अरे, हा कचरा आहे का?"

"हो सर. आमच्या घरी कोबी कोणालाच आवडत नाही."

त्याच्या मागे हिरव्या केळ्यांचा घड होता. "ही कुजायची वाट बघत होतो, सर. पण तोवर आठवी पुढे गेली असती." एका मुलीने सांगितलं की तिची आजी आता इतकी जाड सालं काढते की बटाटा गोटीएवढा उरतो. आणखी एकाने तर पिशवी पाण्यातून बुचकळून आणली होती. "ओला कचरा म्हणाला होतात ना, सर?"

सरांना या पोरांच्या उत्साहाचं कौतुक वाटलं. एक खड्डा भरला म्हणून त्यांनी दुसरा खणला, मग तिसरा. खड्डे भरत होते आणि सर फुगत होते.

घरी बायको कुरकुरत होती. ती सकाळी कामावर जाण्याआधी दोन्ही वेळचं रांधून ठेवायची. "अहो, घरात भाजी म्हणून टिकत नाही. आणली की गायब."

"मुलं पृथ्वी वाचवताहेत आणि तू भाजीचं काय घेऊन बसलीस?"

यावर ती काही बोलली नाही. संसारात असं गप्प बसणं म्हणजे व्याज लावून ठेवणं असतं, हे सरांना कळायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी लेक दोन्ही हातांनी एक जड डबा ओढत आली. सरांनी झाकण उघडलं आणि सगळ्या मुलांना जवळ बोलावलं. "बघा! याला म्हणतात आदर्श कचरा. गिळगिळीत, ना रंग ना रूप. मातीसुद्धा याला आनंदाने खाईल." डबा तराजूत चढला आणि सहावी पहिली आली.

तेवढ्यात अध्यक्ष आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी पाचवीतल्या एका चिमुरडीला विचारलं, "काय शिकलीस, बाळ?"

"आधी आमच्याकडे मूठभर कचरा निघायचा. आता सरांमुळे बादलीभर निघतो."

"आमचे बाबा तर विकत आणतात," मागून दुसरा म्हणाला. "भाजीवाले काका आता सडकी भाजी ताजीच्या भावाने देतात."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढे दिवस आपण वजनाच्या मागे धावलो आणि वाचवायचं ते राहूनच गेलं, हे त्यांना आत्ता कळलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! अध्यक्ष कोरडेपणाने म्हणाले, "बाग राहू द्या. गाड्यांची जागा दाखवा."

ती पाहायची गरजच उरली नव्हती. जागा बरी दिसतेय म्हणून अध्यक्षांच्या ड्रायव्हरने गाडी आधीच मागच्या अंगणात नेली होती आणि तिचं मागचं चाक तिसऱ्या खड्ड्यात बुडालं होतं. सातवीची पोरं ढकलायला धावली. ड्रायव्हरने जोर लावला. चाक जागच्या जागी गरगरलं आणि महिन्याभराचा कोबी अध्यक्षांच्या पांढऱ्या शर्टावर येऊन बसला.

अध्यक्षांनी शर्टाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. "इथे गाडी लावायची? अंगण ठेवा तुम्हालाच!" आणि ते रिक्षा शोधायला गेले.

मोठ्या बाई लांबूनच म्हणाल्या, "अभिनंदन, सर. जवळ येऊ नका."

सर तरंगतच घरी पोचले. घासून घासून आंघोळ केली आणि ताटावर बसले. "वाढ. आज दोन घास जास्त जातील."

बायकोने पातेल्याचं झाकण उचललं. आत चमचाभरसुद्धा काही उरलं नव्हतं. "सकाळी भरून ठेवून गेले होते मी. कुठे गेलं?"

सरांनी लेकीकडे पाहिलं. लेक आनंदाने म्हणाली, "आई, तुझ्या जेवणामुळेच आमचा पहिला नंबर आला! बाबा सगळ्या शाळेसमोर म्हणाले, याला म्हणतात आदर्श कचरा. गिळगिळीत, ना रंग ना रूप."

बायकोने झाकण शांतपणे खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून घरातला स्वयंपाक सर करू लागले. मागच्या अंगणात आता बाग मस्त फुलली आहे आणि तिच्या खतासाठी मुलांना कचरा आणायला सांगावं लागत नाही. सरांच्या एकट्याच्या घरचा पुरतो.