बिनकाट्यांचा उटकटारा

सकाळी गॅलरीत आलेल्या सरांनी कुंडीकडे पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने पोटच्या पोरासारखा वाढवलेला उटकटारा पार गुळगुळीत झाला होता! पानांच्या कडांना, देठाला, निळसर गोंड्याला, कुठंही औषधालासुद्धा काटा उरला नव्हता. आणि दहा वाजता रानफुलांचं प्रदर्शन! चार वर्षं तिथं सरांची उत्तेजनार्थ बक्षिसावर बोळवण झाली होती. यंदा पहिला नंबर आणायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"हा कुणाचा उद्योग?" सर गरजले.

"माझा, बाबा." जावईबापू नेलकटर पुसत हसतमुखानं पुढे आले. "गाडीत कुंडी मांडीवर मलाच धरायचीय ना? म्हटलं, टोचायला नको. दोन तास लागले. बोट फिरवून बघा!"

दुसरा कुणी असता तर सरांनी त्याला सोलून काढला असता. पण जावई! तोही महिन्याभरापूर्वीचा. "कशाला एवढा त्रास घेतलात?" एवढंच दातओठ खात म्हणून ते आत गेले आणि बायकोवर तुटून पडले.

"बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं मी! काटेच गेले, आता राहिलं काय? कपाळ?"

"अहो हळू, त्यांना ऐकू जाईल. फूल आहे ना शाबूत?"

"ते एक फूल नाही! शेकडो फुलं आहेत त्या गोंड्यात!"

"मग तेच सांगा तिथं."

सरांनी तेच केलं. परीक्षक बाई भिंग घेऊन आल्या तशी त्यांनी गोंड्यातली इवली फुलं, पानाखालची पांढरी लव, सगळं घडाघडा सांगितलं. काट्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बाईंनी पान उलटसुलट करून पाहिलं. "काटे कुठायत, सर?"

"बाकीची लक्षणं बघा ना!" सर उसळले. "काट्यांपायी सगळ्यावर पाणी फिरवणार? हा शुद्ध अन्याय आहे!"

"अगदी हेच म्हणाले होते मी, नववीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "उटकटाऱ्याच्या आकृतीत काटे दाखवायचे राहिले होते माझे. तुम्ही शून्य दिलंत आणि वर्गाबाहेर उभं केलंत."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "आता... किती देताय?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही असता तर किती दिले असते?"

सरांनी गुळगुळीत पानावरून बोट फिरवलं. मग लालबुंद होऊन ओरडले, "शून्य! शून्यच द्यायला पाहिजे!"

आणि कुंडी उचलून ते स्वतःच मंडपाबाहेर जाऊन उभे राहिले.