सौम्याच्या डोळ्यांचा क्रॅश कोर्स

कृष्णात सरांच्या घरात त्या दिवसापर्यंत कोणी नापास झालं नव्हतं. त्यामुळे चौथीतली सौम्या शाळेच्या डोळे तपासणीत नापास झाली, तेव्हा ही बातमी सरांना कशी सांगावी हे तिच्या आईला, नीलमला, समजेना. सौम्याने ते काम सोपं केलं. दप्तर कोपऱ्यात टाकत ती म्हणाली, "पप्पा, मला फळ्यावरचं दिसत न्हाय म्हणून डॉक्टरकडं न्या म्हटलंय. आज्जी, भूक लागल्या."

सरांचा क्लास बेळगावच्या खडेबाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या वर. स्कॉलरशिपपासून पोलीस भरतीपर्यंत एकही परीक्षा त्यांना वर्ज्य नव्हती. प्रत्येक परीक्षेला एक पॅटर्न असतो, आणि पॅटर्न कळला की विषय नाही कळला तरी चालतं, या तत्त्वावर त्यांनी अनगोळात दुमजली घर बांधलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टर मंगल मॅडमनी सौम्याला नीट तपासलं आणि म्हणाल्या, "चष्मा लागेल. आजच करा. शिवाय पालेभाजी, गाजर, पपई, अंडं असं पोटात जाऊ द्या. मोबाईल कमी करा, आणि रोज उजेड असताना बाहेर मोकळ्यावर खेळू द्या."

"म्हंजे एवढं सगळं केलं तर चष्मा कॅन्सल?" सरांनी विचारलं.

"असं मी म्हटलं नाही."

"पण परत तपासणार न्हवं?"

"महिन्याने या. पण चष्मा लावून या."

सरांनी यातलं फक्त 'महिन्याने' ऐकलं. पुनर्परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. खोलीच्या भिंतीवर अक्षरांचे तीन तक्ते टांगलेले होते: एक मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी. बेळगावात दवाखाना चालवायचा तर डोळासुद्धा तीन भाषांत तपासावा लागतो. मॅडम हात धुवायला वळल्या तेवढ्यात सरांनी तिन्ही तक्त्यांचे फोटो मोबाईलमध्ये घेतले.

"हे काय करताय?" जिन्यात नीलमने विचारलं.

"पेपर फुटला," सर हळूच म्हणाले. "सगळं पाठ करून घेतो. महिन्यानं शंभर टक्के."

"अहो, तिला दिसायला पाहिजे. पास व्हायला न्हाय!"

"आधी पास तर हू दे. एवढीशी पोर, आत्तापास्नं चष्मा? लोक काय म्हणतील, सरांच्याच पोरीला फळा दिसत न्हाय?"

नीलम बँकेत होती आणि ऑडिट जवळ आलं होतं. "एक महिना. त्येच्यावर एक दिस न्हाय," एवढं बजावून तिने विषय सोडला. सौम्याला मात्र वर्गात पहिल्या बाकावर, मैत्रिणीपासून दूर बसवलं गेलं. तिथूनही तिला फळ्यावर पांढरे मुंगळे चालल्यासारखं दिसे.

त्याच संध्याकाळी सरांनी टीव्हीची वायर कपाटात ठेवली, सौम्याचा टॅब आजीच्या ट्रंकेत टाकला आणि तिला मोबाईलवरचा पहिला फोटो दाखवून पाठांतर सुरू केलं. सरांची आई शेवंताबाई बाजूला शेवग्याचा पाला निवडत होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिने उमेदीची वर्षं घालवली होती, आणि तिथला नाकातोंडात जाणारा खकाणाही मुलाच्या हुशारीपेक्षा कमी त्रासदायक होता असं तिचं मत होतं.

"मोबाईलनं गेल्याली नजर मोबाईलवरच शोधतोयस व्हय रं, कृष्णा?"

मुद्दा बिनतोड होता. सरांनी दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्यावर तिन्ही तक्ते काळ्या शाईने उतरवले, अगदी खालच्या कोपऱ्यातल्या छापखान्याच्या नावासकट, आणि गल्लीमागच्या मैदानात कडुनिंबाला टांगले. दवाखान्यातल्याएवढं अंतर मोजून तिथे चुन्याची रेघ मारली. "हितनं वाच."

"हितनं दिसत न्हाय पप्पा."

"मग जवळ जाऊन बघ, हितं येऊन सांग."

सौम्या पळत झाडापर्यंत जायची, एक ओळ डोक्यात भरायची, पळत रेघेवर येऊन ओरडायची. तिला हा खेळच वाटला. गल्लीतल्या पोरांनाही वाटला. आठवड्याभरात मैदानात दहाबारा पोरं तक्ता आणि रेघ यांच्यामध्ये धावू लागली. अक्षरं पाठ झाल्यावर त्यांनी लपंडाव सुरू केला, मग क्रिकेट. सौम्याला चेंडू नाकावर बसल्यावरच दिसायचा, तरी अंधार पडेपर्यंत ती घरी यायला तयार नसे.

आहाराची बाजूही सरांनी क्रॅश कोर्ससारखीच घेतली. जेवताना पहिला मान गाजराचा.

"पप्पा आधी," सौम्या म्हणाली.

आदर्श घालून देणं शिक्षकाचं कर्तव्यच. सर गाजर खाऊ लागले. पण जेवतानाच क्लासच्या पालकांचे मेसेज येत, आणि त्यांना उत्तरं देण्यासाठी सर मोबाईलमध्ये मान घालत. मान वर येईपर्यंत सौम्याची गाजरं त्यांच्या ताटात पोचलेली असत. सर ती बोटांनी चाचपून, न बघता खात. शेवंताबाईला सगळं दिसत होतं. पण नात तिच्या हातची शेवग्याची भाजी भाकरीबरोबर आणि वर एक उकडलेलं अंडं मुकाट खात होती, म्हणून तिने लेकाच्या मदतीला धावणं टाळलं.

महिना झाला. तपासणीला सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. जाताना त्यांनी सौम्याला दही-साखरही दिली.

मॅडमनी मराठी तक्त्यावर छडी ठेवली. सौम्याने वरून सुरुवात केली आणि न थांबता शेवटची, मुंगीच्या पायाएवढी ओळ संपवली. मग श्वास घेऊन छापखान्याचं नाव आणि गावही सांगितलं.

मॅडमनी चष्मा पुसून तक्त्याजवळ जाऊन पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं तक्ता त्यांच्याच भिंतीवर होता, पण हे नाव त्यांनी आज प्रथमच वाचलं.

कन्नड तक्ता झाला. इंग्रजी तर मॅडमनी छडी उचलायच्या आधीच झाला. सरांनी नीलमकडे विजयी नजर टाकली.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खणातून एक पुठ्ठा काढला. त्यावर एकच इंग्रजी ई होता. दूर जाऊन त्यांनी पुठ्ठा फिरवला. "याचे पाय कुठल्या बाजूला आहेत, हाताने दाखव."

सर अर्धवट उभे राहिले. "मॅडम, हे गेल्या वेळी न्हवतं."

"अक्षरओळख नसलेल्यांसाठी असतं."

"म्हंजे सिलॅबसबाहेरचं झालं की हो!"

सौम्याने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, आणि शेवटी वळून म्हणाली, "पप्पा, पाठ सगळं हाय ओ. दिसत न्हाय."

सर खाली बसले. हजारो विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले होते, पण आपली अवस्था इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी सांगितली नव्हती. मग ते म्हणाले, "चुकलं बाळा माझं." नीलमने लग्नापासून आजवर त्यांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

"सर, तळहात दाखवा," मॅडम अचानक म्हणाल्या. तळहात हळदीत बुडवल्यासारखे पिवळे होते. मॅडमनी सरांचे डोळे पाहिले. ते पांढरे होते. "कावीळ दिसत नाही. घरात एवढी गाजरं कोण खातंय?"

सौम्या छताकडे बघू लागली.

मॅडमनी हसू आवरून सौम्याला पुन्हा तपासलं. "नंबर तेवढाच आहे. खाण्याने तो उतरत नाही, आणि महिन्यात काही समजतही नाही. पण गेल्या वेळी सांगितलेलं डोळे चोळणं, डोकं दुखणं?"

"बंद झालं," नीलम म्हणाली. "अंधार पडंपर्यंत मैदानात असते, आणि पडल्या पडल्या झोपते."

"मग ते सोडू नका. तक्ता काढा, मैदान ठेवा. फक्त चष्मा लावून पळू दे."

चष्मा आला त्या संध्याकाळी सौम्या दुकानातून बाहेर पडली आणि खडेबाजाराच्या मधोमध थांबली. "मम्मी, त्या झाडाला पानं सुट्टी सुट्टी हायती!" मग घरापर्यंत रिक्षातून तिने वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. रिक्षावाल्यालाही स्वतःच्या गावाची पुष्कळ नवी माहिती मिळाली. त्या दिवशी मैदानात तिने चेंडू हाताने अडवला, नाकाने नाही.

दोन दिवसांनी शेजारचे नागोजी फाटकात उभे राहिले. "सर, आमच्या आदर्शची गुरुवारी डोळे तपासणी हाय. काय नोट्स हायत व्हय?"

"नोट्स न्हाईत. पाच वाजता मैदानावर पाठवा."

"आणि?"

"आणि काय? खेळू दे. पालेभाजी खाऊ दे. चष्मा लागला तर लावा."

नागोजींनी सरांकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. घरी जाऊन बायकोला ते म्हणाले, "सर आतलं सांगत न्हाईत. काय तरी लई भारी हाय त्यात. उद्यापास्नं पोराला चुकवायचं न्हाय."

ही गोष्ट गल्लीभर पसरली. आता अनगोळच्या त्या मैदानात पाच वाजता उभं राहायला जागा नसते. कुणाच्या हातात मोबाईल नसतो. पोरं खेळतात, आणि आपलं पोर मागे पडू नये म्हणून आईबाप त्यांना रोज वेळेवर आणून सोडतात.